आयदक्की लक्कम्मा आणि भोपाळच्या भगिनी



‘आयदक्की’ म्हणजे वेचलेले तांदूळ. शरण मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचीत आणि लक्कम्मा त्यांतून जंगम दासोह करीत. एके दिवशी मारय्यांनी गरजेहून अधिक आणले. लक्कम्मांनी त्यांना लोभाची जाणीव करून दिली व जादा तांदूळ परत ठेवावयास लावले. मारय्यांनी ते मानले. पत्नीने सावरले, पतीने ऐकले. दोघांचेही कायक शुद्ध राहिले.

हे नाते घरापुरतेच नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले किंवा निकामी झाले. पडद्यातील स्त्रिया बाहेर पडल्या. स्वतः वायुपीडित असलेले अब्दुल जब्बार त्यांच्या ‘गॅसपीडित महिला उद्योग संघटने’चे संयोजक झाले. खैरात नको, रोजगार हवा, ही त्यांची मागणी. हीच कायकाची भाषा नव्हे काय? जब्बारभाई २०१९ साली निवर्तले. त्यांनी भगिनींना साथ दिली. त्यांचा लढा उभा राहिला तो भगिनींच्याच बळावर.

घरात तिने चूक दाखविली, तर आपण मारय्यांसारखे ऐकतो काय? आज इष्टलिंगपूजेनंतर प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

शरणु शरणार्थी.