केस गळतातच हो, ताई

गिनीपिगच्या दोन्ही कानांमागे टक्कल असतं आणि ते नैसर्गिक असतं. आम्हाला गिनीपिग विकणाऱ्या दुकानदाराने मला सांगितलेलं हे एकच वाक्य खरं होतं, आणि पुढचं सगळं त्याने या वाक्याखाली झाकून टाकलं. आमच्या गिनीपिगच्या, चिकूच्या, खांद्यावरचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा म्हणाला, “कानामागे नसतात ना, तसंच ते.” फोटो पाठवले तर म्हणाला, “सीझन बदलतोय ताई, केस गळतातच. खोबरेल लावा.” आणि आमच्या घरात झाडून सगळ्यांना त्याचं पटलं. नवरा म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीत आजार दिसतो. सासूबाई म्हणाल्या, उंदरालाही आता डॉक्टर का? तेव्हा मी वाद घातला नाही. आता घालते.

गिनीपिगचे केस वर्षभर थोडेथोडे झडतात, हे खरं. पण त्याने टक्कल पडत नाही. कातडी उघडी दिसली की त्यामागे काहीतरी कारण असतंच. चिकू मागच्या पायाने खांदा खाजवायची, मग वळून स्वतःचीच कूस चावायची, आणि चावताना ओरडायची. खांद्याभोवतीची कातडी जाड झाली होती, तिथून कोंडा पडत होता. लेकीच्या मनगटांवर त्याच सुमारास लाल पुरळ उठलं. उन्हाळ्याची घामोळी म्हणून त्यावर पावडर पडली. खोबरेल मी लावलं नाही. आजार कातडीच्या आत असेल तर वरून तेल चोपडून काय होणार, एवढं कळायला पशुवैद्य व्हावं लागत नाही.

मग एके दिवशी वजन करायला म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती कमानीसारखी वाकली, आडवी पडली, चारही पाय झाडायला लागली. घरात एकच गलका. आकडी आली, आकडी आली! नवऱ्याने दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “येतो त्यांना असा अटॅक. नाजूक जीव असतो.” हा ‘नाजूक जीव’ विकताना मात्र “काही करावं लागत नाही, गाजर टाका की झालं” असं सांगून विकला होता.

जवळचा दवाखाना कुत्र्यामांजरांचा. तिथल्या डॉक्टरांनी चिकूला खोक्याबाहेरही काढलं नाही. वरूनच बघितलं, ‘इन्फेक्शन’ म्हणाले आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं गिनीपिगला तोंडावाटे देत नाहीत हे मी वाचलं होतं, तसं विचारलं. त्यावर उत्तर आलं, “डॉक्टर तुम्ही की मी?” फी दिली आणि बाहेर पडले. सिरप विकत घेतलंच नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, जीव वाचावेत म्हणून सांगते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही नावं फ्रिजवर लिहून चिकटवा. या औषधांनी त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावतं. घरात मुलांसाठी आणलेलं उरलेलं अँटिबायोटिक तर कधीच देऊ नका.

दुसऱ्या डॉक्टर पक्षी-ससे बघणाऱ्या होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी आधी चिकूला टॉवेलमध्ये घेतलं, मांडीवर उताणं केलं, वजन केलं, दात पाहिले, मांड्यांच्या आतली कातडी पाहिली. मग ब्लेडच्या बोथट बाजूने खांद्याजवळची कातडी हलकेच खरवडली, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. “या, तुम्हीच बघा.” मी डोळा लावला. गोलसर, आखूड पायांचं काहीतरी सावकाश सरकत होतं. ट्रिक्साकारस कॅव्हिई, गिनीपिगची खरूज. हे किडे कातडीत बिळं करून राहतात. खाज इतकी भयंकर असते की नुसत्या स्पर्शाने झटके येतात. ती आकडी मेंदूची नव्हती, खाजेची होती. आणि लेकीचं पुरळही त्याचंच. माणसाच्या अंगावर हे किडे टिकत नाहीत, पण चावून खाज मात्र देऊन जातात. नवरा माझ्या मागे उभा होता. त्यानेही बघितलं. काही बोलला नाही, आणि मीही त्याला बोलायला लावलं नाही. पण ती काचपट्टी घरी नेऊन दिवाणखान्यात मांडावी असं मला फार वाटलं.

उपचार साधा होता. वजनावर मोजून आयव्हरमेक्टिन, आणि साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, कारण अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. तिची जोडीदार बुंदी ठणठणीत दिसत होती तरी तिलाही तेच. दोघींचा पिंजरा गरम पाण्याने धुतला, भुसा टाकून दिला, फ्लीसच्या चादरी उकळल्या. खरवडून किडा सापडला नाही तरी खरूज नाही असं मात्र समजू नका. तो पुष्कळदा सापडत नाही, आणि लक्षणं जुळली तर चांगले डॉक्टर औषध सुरू करतात. कुत्र्याचं पिसवांचं औषध अंदाजाने थेंबभर टाकायचा उद्योग कुणी सांगितला तरी करू नये.

त्या दुकानात मी मुद्दाम गेले. भांडायला नाही, सांगायला. बाकीच्यांनाही औषध द्या म्हणून. तो म्हणाला, “तुमच्याच घरून लागलं असणार, आमच्याकडे तर सगळे फिट आहेत.” हे किडे अंगावर दबून राहतात आणि जागा बदलली, ताण आला की उसळतात, हे मी त्याला सांगत होते तेव्हा त्याच्या मागच्या पिंजऱ्यात एक तपकिरी पिल्लू कूस चावत होतं. मी बोट दाखवलं. त्याने पिंजऱ्यावर कापड ओढलं! मग समजूत काढावी तसा सूर लावून म्हणाला, “असं करा ताई, ती आणून द्या, दुसरी घेऊन जा. पैसे नको.” बिघडलेला मिक्सर बदलून द्यावा तसं. लेक बाहेर उभी होती, तिने ऐकलं नाही हे नशीब. त्याच पिंजऱ्यात नर-मादी एकत्र होते, आणि दोन ससेही. सशांच्या नाकाघशात बोर्डेटेला नावाचे जिवाणू असू शकतात. सशाला त्यांचं काही वाटत नाही, पण गिनीपिगला न्यूमोनिया होतो.

त्याला हेही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नसल्याचं त्याने दाखवलं, की 2018 च्या केंद्रीय पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनीपिगचं नाव स्पष्ट घातलेलं आहे आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. विकत घेण्याआधी नोंदणीचा कागद मागा. जो दुकानदार चिडतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता तपासायचं कसं. आठवड्यातून एकदा, वार ठरवून. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा लागतो, त्याच्याशिवाय सगळं व्यर्थ. जनावर आजार लपवतं, पण काटा लपवत नाही. वजन वहीत लिहा. मोठ्या गिनीपिगचं आठवड्यात पन्नास ग्रॅमहून जास्त उतरलं तर डॉक्टरकडे जा, केस असोत नसोत. मग उजेडात बसून केस उलट्या दिशेने फुंकत, बोटांनी पांगवत कातडी बघा. काळा कागद खाली धरून बारीक फणी फिरवली तर पडलेले पांढरे ठिपके हलतात का ते दिसतं. हलले तर उवा किंवा केसांवरचे किडे. गिनीपिगच्या उवा माणसाच्या डोक्यात जात नाहीत, तेव्हा घाबरून पोराचं मुंडण करू नका.

खरी गोम ‘केस कुठले गेले’ यात आहे. नाक, डोळे, कान यांच्याभोवती खपलीदार चट्टे असतील तर गजकर्ण. ते बुरशीचं असतं, माणसांना लागतं, म्हणून हात धुवा आणि मुलांना दूर ठेवा. केस मुळापासून गेलेले नसून कातरल्यासारखे आखूड असतील आणि खालची कातडी स्वच्छ असेल, तर जोडीदार किंवा ती स्वतः चावते आहे; गवत कमी पडतंय, जागा अपुरी आहे. स्वतःच्या डोक्याचे केस कुणाला चावता येत नाहीत, एवढा तर्क पुरे. गाभण मादीचे केस शेवटच्या दिवसांत विरळ होतात. दुकानातून आणलेली मादी गाभण असण्याची शक्यता धरूनच चाला. खाज आणि जाड कातडी म्हणजे चिकूचं प्रकरण.

आणि दोन्ही कुशींवर अगदी सारखं टक्कल, खाज शून्य, मादी दीड-दोन वर्षांच्या पुढची, तर अंडाशयातल्या गाठी. हे बुंदीला झालं. तोवर घरात सगळेच तज्ज्ञ झाले होते. “पुन्हा किडेच, ते आयव्हरमेक्टिन आण,” म्हणून नवरा मागे लागला. मी म्हटलं, खाजवतेय का ती? सोनोग्राफी केली. दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली, अंडाशय काढले, केस सावकाश भरून आले. आयव्हरमेक्टिनने तिचं काहीही झालं नसतं.

खाण्याचं थोडक्यात. क जीवनसत्त्व गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही, ते रोज पोटात जावं लागतं. कमी पडलं की केस राठ होतात, सांधे सुजतात, जनावर हलेनासं होतं. पेरूची फोड, ढोबळी मिरची, आवळ्याचा तुकडा, कोथिंबीर हे आपल्याकडे बारा महिने या ना त्या रूपात मिळतं. पाण्यात टाकायचे थेंब विकत घेऊ नका. पाण्यात ते जीवनसत्त्व टिकत नाही. सुकं गवत मुख्य, कारण दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळण्यानेच झिजतात. हरळी चालते, फवारणी नसलेली. भाजीवाल्याकडचा लसूणघास मात्र मोठ्यांना रोज नको. त्यात कॅल्शियम फार, मूत्राशयात खडे होतात. बाकी स्वच्छता, सावली, माया हे सगळ्यांना माहीत असतंच, ते काय सांगायचं. आणि बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका.

गिनीपिग बघणारा डॉक्टर जनावर घरी आणण्याआधी शोधून ठेवा. फोन करून एकच प्रश्न विचारा: कातडी खरवडून तपासता का? जो थेट हो म्हणेल, त्याचा नंबर जपून ठेवा.

त्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही, दर पेठेत तसं एक आहे. दुकान कोणतंही असो, पिंजऱ्यातला एक जरी प्राणी खाजवताना दिसला, तर त्या पिंजऱ्यातला दुसरा कितीही गुबगुबीत असला, पोरं कितीही रडली, तरी घेऊ नका.