गाडीवरील छपराचा सांगाडा : हलका, तरीही बळकट

मोटारगाड्या व पक्क्या सडका येण्यापूर्वी आळंद तालुक्यातील मादन हिप्परग्यासारख्या गावांतून गाणगापूरच्या दत्तदर्शनास किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेस जावयाचे म्हणजे बैलगाडी जुंपावी लागे. वृद्ध, बाळंतीण व तान्ही मुले यांच्यासाठी साट्यावर कळकाच्या कमानी बांधून वर तट्ट्या किंवा घोंगडी घालीत. प्रवासाच्या अशा हलक्या गाडीस दमणी म्हणत. आज तेच छत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, मालवाहू तीनचाकीवर अथवा भाजीच्या हातगाडीवर घरच्या घरी उभारले जाते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही काही चैन नव्हे.

छत करावयाचे ठरले की पुष्कळजण प्रथम लोखंडाच्या भरीव सळईकडे धावतात. जड ते मजबूत, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. परंतु छपराचे वजन गाडीच्या माथ्यावर बसते. माथा जड झाला की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चाक खड्ड्यात जाताच गाडी कलंडण्याचा संभव वाढतो. दुचाकी गाडीत आखाच्या पुढे पडलेला भार जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो तो वेगळाच.

आता शेतातील ज्वारीचे ताट मोडून पाहा. बाहेर कठीण साल आणि आत हलका भेंड! एवढ्याशा सामग्रीवर ते ताट पुरुषभर उंचीवर भरलेले कणीस तोलून धरते. कोणतीही दांडी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. मधल्या भागास फारसे काम नसते. म्हणून द्रव्य कडेला असावे. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम आहे. त्यावरून २५ मिलिमीटर व्यासाची भरीव सळई मीटरला सुमारे ३.८५ किलो भरते. तेवढ्याच व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची नळी १.१३ किलो. सळईचे वजन नळीच्या जवळजवळ साडेतीनपट, ताठरपणा मात्र केवळ दुप्पट. साडेतीन मीटर लांबीच्या पाच कमानी केल्या, तर नळीचा सांगाडा २० किलोंत होतो आणि सळईचा ६७ किलोंवर जातो.

निसर्गाने हीच नळी बांबूच्या रूपाने दिली आहे, आणि पेरांच्या पडद्यांनी तिला आतून आधारही दिला आहे. सुक्या बांबूची घनता ०.६ ते ०.८ असते. चार सेंटिमीटर रुंद व एक सेंटिमीटर जाड कामट्यांच्या तशाच पाच कमानी सुमारे ५ किलोंत होतात. त्या लोखंडी नळीहून पुष्कळ लवचीक असतात, हे खरे. पण वाऱ्याच्या झोताने वाकून पुन्हा सरळ होणे हा येथे गुणच समजावा. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात. यास्तव कमान वाकविताना साल बाहेरच्या, म्हणजे ताण पडणाऱ्या, बाजूस ठेवावी. बुरूड कामटीस आच देऊन वाकवितात, कारण उष्णतेने तंतूंना जोडणारे द्रव्य मऊ होते. त्याच आकारात निवू दिली की ती तशीच राहते. तीन वर्षांहून कोवळा बांबू घेऊ नये. त्यातील पिष्टावर भुंगा पोसतो, म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवितात. त्यास खिळा ठोकू नये, तो उभा चिरतो. काथ्याने किंवा सुतळीने आवळून बांधावे. उत्तर अमेरिकेतील जुन्या कॉनेस्टोगा गाड्यांवरही लाकडाच्या वाकविलेल्या कमानींवर जाडे कापडच ताणलेले असे!

अॅल्युमिनिअम पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचे असते, पण त्याचा ताठरपणाही तितकाच कमी. तरी नळीचा व्यास २५ वरून ३६ मिलिमीटर केला, तर पोलादाइतका ताठरपणा मिळून वजन निम्मे राहते. अडचण अशी की त्याची जोडणी प्रत्येक लोहाराकडे होत नाही. रिव्हेट मारावे लागतात. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या नळ्या स्वस्त व हलक्या खऱ्या, परंतु कडक उन्हात भाराखाली त्या हळूहळू वाकतात आणि तशाच राहतात. आमच्या मते तापलेल्या काळ्या मातीच्या या प्रदेशात त्या टाळाव्यात.

खरा भार कापडाचा नसून वाऱ्याचा असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वळवाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे २४ किलो वजनाइतका दाब देतो. दोन मीटर लांब व एक मीटर उंच बाजूवर तो ४८ किलो होईल. केवळ कमानी उभ्या केल्या तर पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे त्या एकीवर एक पडतील. म्हणून माथ्यावरून आढे आणि दोन्ही बाजूंस तिरप्या दोऱ्या बांधून चौकोनांचे त्रिकोण करावेत. चौकोन बाजू न मोडताही तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. असा सांगाडा ऊन व पाऊस अडवील. गाडी उलटल्यास आतील माणसांचे रक्षण त्याच्याकडून होणार नाही. ताडपत्रीच्या कडा सुटणाऱ्या गाठीने बांधाव्यात. वावटळ दिसताच गाडी थांबवून मुलांना खाली उतरवावे आणि गाठी सोडाव्यात.