बांबूचे काटे

१९७५ च्या सुमाराची ही गोष्ट आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातली. दांडेलीच्या कागद कारखान्याला लागणारा बांबू जंगलात कमी पडू लागला होता. असे का होते, हे शोधण्याचे काम कर्नाटक सरकारने मूळचे पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे दिले.

बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते तोडले की बेट मोकळे होऊन चांगले वाढते, अशी वनखात्याची समजूत. गाडगीळ रानात हिंडताना गावकऱ्यांशी गप्पा मारत. गावकरी म्हणाले, "उलट आहे. काटे गेले की कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतात." गाडगीळांनी हे हसण्यावारी नेले नाही, तसेच मानूनही टाकले नाही. बेटांचा नीट अभ्यास केला, तेव्हा गावकऱ्यांचेच खरे निघाले! (कोंब खाणाऱ्यांत भाजीची आवड असलेले आपणही आलोच.)

गणपतीच्या सुट्टीत खानापूरकडे गेलात तर तिथल्या आजी-आजोबांना विचारा : कोंब कधी फुटतात, कोण खाते, किती उरतात? उत्तरे वहीत लिहा. मग एखादे बेट निवडून कोंब स्वतः मोजा.