पावडरचा डबा आधी कपाटातून काढा

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोर होऊ नये म्हणून काय करायचं, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. युरोप, अमेरिका आणि आशिया-पॅसिफिकमधल्या तज्ज्ञ संघटनांनी एकत्र येऊन २०१४ साली आणि पुन्हा २०१९ साली त्याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. रुग्ण दाखल झाला की लवकरात लवकर त्याची पाठ, माकडहाड, खुबे आणि टाचा बघा. धोका किती आहे ते ठरवा. कूस बदलत राहा, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवा, त्वचा स्वच्छ आणि कोरडी ठेवा पण चोळू नका, आहाराकडे लक्ष द्या. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. तरीही विदर्भातल्या ज्या सरकारी रुग्णालयात मी अधिपरिचारिका होते, तिथे ही पद्धत मोठ्या उत्साहात सुरू झाली आणि वर्षभरात दिसेनाशी झाली. पुढे परिसेविका म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे तीच पद्धत टिकली. दोन्हींत फरक कशाचा होता, ते नव्याने कामाला लागलेल्या सिस्टर-ब्रदरना सांगावंसं वाटतं.

पहिल्या ठिकाणचा आमचा वॉर्ड ऑर्थोचा. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं, ट्रॅक्शनवरचे तरुण, मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेले मजूर. रेक्झिनच्या गाद्या, त्यावर मॅकिंटॉश, त्यावर चादर, आणि एप्रिल-मेचं ऊन. पाठ सतत ओली. आमच्यातली एक सहकारी प्रशिक्षणाहून ब्रेडन स्केल शिकून आली. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकी परिचारिकांनी १९८७ मध्ये मांडलेलं हे मोजमाप. संवेदना, ओलसरपणा, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हालचाल, आहार आणि त्वचेचं घासणं-ओढलं जाणं, अशा सहा बाबींना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३. १८ किंवा त्याहून कमी भरले तर धोका आहे असं समजायचं. तिने फॉर्मच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशाने काढल्या, प्रत्येक बेडला कूस बदलण्याचा तक्ता लावला, मामा-मावशींना शिकवलं. फरक डोळ्यांना दिसत होता.

मग बदल्यांचा हंगाम आला आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. झेरॉक्स संपल्या, नव्या कुणी काढल्या नाहीत. तक्त्यांवर सकाळी सहाला रात्रभराच्या साऱ्या चौकटींत एकदम खुणा होऊ लागल्या, आणि काही आठवड्यांनी तक्तेही गेले. यात कामचुकारपणा होता असं मी मानत नाही. रात्री भरलेला वॉर्ड, एक सिस्टर, एक मामा, आणि दर दोन तासांनी प्रत्येक बेडची कूस बदला असा तक्ता. जे करता येणं शक्यच नाही, त्याच्यापुढे खुणाच उरतात.

खरं कारण मात्र माझ्या मते दुसरंच होतं, आणि ते आमच्या कपाटात होतं. स्पिरिट आणि पावडर. आम्ही सगळ्या बॅक केअर शिकलो ती अशीच: हाडाच्या उंचवट्यावर स्पिरिट लावून चोळायचं, वर पावडर मारायची. दाबाने आधीच रक्तपुरवठा कमी झालेल्या जागी चोळलं तर आतल्या नाजूक ऊतींना इजा होऊ शकते, म्हणून मार्गदर्शक तत्त्वं चोळायला स्पष्ट मनाई करतात. टाचेखाली पाण्याने भरलेला ग्लोव्ह ठेवायचा, माकडहाडाखाली रिंग द्यायची, या आपल्याकडच्या लाडक्या गोष्टींनाही त्यांत मनाई आहे. रिंगेच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तप्रवाह आणखी अडतो. आमच्याकडे नवी पद्धत आली तेव्हा जुनी कुणी काढली नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या. हात कमी पडले की त्यांतली एक सुटायची, आणि सुटायची ती नेहमी कूस बदलण्याचीच. पावडरीला एकटी सिस्टर पुरते. नातेवाइकांना ती दिसते, त्यांना समाधान वाटतं, सिस्टरलाही आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण दाब हललेला नसतो.

म्हणून दुसऱ्या रुग्णालयात फॉर्म आणि लेक्चर दोन्ही मागे ठेवून आधी इंडेंट हातात घेतलं. पावडर आणि रिंगा इंडेंटमधून काढून टाकल्या. त्याजागी उशा मागितल्या. उशा मिळायला वेळ लागला, तोवर जुन्या ब्लँकेटच्या घट्ट घड्या शिवून घेतल्या. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली घडी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. पाठीमागे घडी दिली की माणूस तीस अंशांच्या कलाने कुशीवर टेकतो. ब्रेडनचा तक्ता रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून केसपेपरच्या आतल्या पानावरच छापून घेतला. सुटा कागद संपतो, हरवतो. केसपेपर प्रत्येक रुग्णाबरोबर येतोच.

कूस बदलायला वेगळी वेळ काढली नाही. सकाळचं बेड मेकिंग, टीपीआर, औषधांच्या वेळा, या फेऱ्या चुकत नाहीत. त्यांनाच कूस बदलणं जोडलं. दोन तासांचा एकच नियम सगळ्यांना लावला नाही, आणि २०१९ची मार्गदर्शक तत्त्वंही वेळ रुग्णागणिक ठरवा असंच सांगतात. ज्यांचे गुण सर्वांत कमी, त्यांची नावं फळ्यावर. रात्रीचे हात त्यांच्यासाठी राखून. ज्याला स्वतः हलता येतं, त्याला आणि त्याच्या नातेवाइकाला दाखवून द्यायचं. आपल्या वॉर्डात रात्री रुग्णाजवळ मुलगा असतो, सून असते. ‘बाबांना ओढू नका, चादरीसकट उचला,’ हे एकदा हाताला धरून शिकवलं की ती माणसं घरी गेल्यावरही तसंच करतात. बाहेरच्या देशांतल्या नियमांत हे नातेवाईक फारसे दिसत नाहीत. त्यांची जागा आपल्यालाच लिहावी लागते.

त्वचा बघणं ओव्हर देतानाच ठेवलं, रुग्णाच्या बेडजवळ. जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी मिळून माकडहाड आणि टाचा बघणार. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची: पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या त्वचेवर पहिल्या टप्प्यातली लाली उमटतच नाही असं वाटतं. तिथे हाताने बघायचं. आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, कडक किंवा सुजल्यासारखी आहे का, रुग्ण दुखतं म्हणतो का.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो भीती घालवण्यात. पहिल्या ठिकाणी वॉर्डात बेडसोर झाला की सिस्टरला मेमो मिळायचा. परिणाम असा की नोंदीत प्रत्येक बेडसोर ‘बाहेरून आलेला’ असायचा आणि आकडा कायम शून्य. अशा आकड्याने कुणाचंच भलं होत नाही. दाखल होताना त्वचेची नोंद झाली, तर घरून आलेली जखम कुठली आणि वॉर्डात झालेली कुठली हे आपोआप कळतं. दुसऱ्या ठिकाणच्या अधिसेविकांनी जाहीर सांगितलं, ‘लपवलेल्या बेडसोरबद्दल विचारीन, नोंदवलेल्याबद्दल नाही.’ त्या वाक्यानंतर आकडा आधी वाढला. तो वाढणारच होता; घाबरून पद्धत सोडून देऊ नका.

आकडा मोजून तो काम करणाऱ्यांनाच परत दाखवणं किती उपयोगी आहे, याचा मोठा दाखला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आहे. तिथल्या शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनचा संसर्ग रोखण्यासाठी हात धुण्यासह पाच साध्या गोष्टींवर भर दिला गेला, आणि संसर्गाचा आकडा प्रत्येक युनिटला कळवला जात राहिला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संसर्ग झपाट्याने उतरला होता, आणि तीन वर्षांनीही तो उतरलेलाच राहिला. कॅनडात ओंटारिओच्या परिचारिका संघटनेने १९९९ पासून अशा मार्गदर्शक तत्त्वांचं काम हाती घेतलं. तिथे ती राबवू पाहणारी संस्था संघटनेशी तीन वर्षांचा करार करून सुरुवात करते. एका कार्यशाळेत ही गोष्ट होत नाही, हे त्यात धरलेलंच आहे.

आणखी एक सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. जीएनएमच्या मुली वॉर्डात आल्या की प्रोसिजर बुकातली स्पिरिट-पावडरची बॅक केअर करू लागायच्या. परीक्षेत तेच विचारतात, त्या बिचाऱ्या तरी काय करणार? पाठ्यनिर्देशिकेला बोलावून बसवलं, मार्गदर्शक तत्त्वं तिच्यापुढे ठेवली, आणि वॉर्डातली पद्धत व डेमॉन्स्ट्रेशन एक केलं. कॉलेज आणि वॉर्ड दोन वेगळ्या गोष्टी शिकवत असतील, तर दर वर्षी नव्या तुकडीबरोबर जुनी पद्धत परत येते.

माझी बदली झाल्यानंतर पुन्हा तिथे गेले तेव्हा वॉर्डातल्या बहुतेक सिस्टर मला ओळखत नव्हत्या. ओव्हर मात्र बेडजवळच चालू होतं.

ज्या अधिसेविका आणि परिसेविका हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. येत्या एप्रिलच्या आत आपलं इंडेंट काढून बघा. स्पिरिट-पावडर बॅक केअरसाठी मागवली जात असेल तर त्यावर काट मारा, त्याच कागदावर उशा लिहा, आणि केसपेपर पुढच्या वेळी छापायला जाईल तेव्हा ब्रेडनचं पान त्यात घाला. ही तिन्ही कामं तुमच्या सहीने होतात.