लावणी यंत्र दुपारी ओढत नाही? आधी तेल बघा



ट्रेमधली रोपं साधारण १५ ते २० दिवसांची असतानाच यंत्राने नीट लागतात. कुळगाव भागात एकच यंत्र खाचरा-खाचरातून फिरतं. ते दोन-तीन दिवस बंद पडलं तर रोपं उंच होऊन बसतात. म्हणून लावणीआधीच हे वाचा.

बसून चालवायच्या बऱ्याच यंत्रांत क्लच दाबून गिअर टाकावे लागत नाहीत. इंजिन पंप फिरवतं, पंप दाबाने तेल मोटरला देतो, मोटर चाकं फिरवते. याला एचएसटी म्हणतात. दांडा पुढे केला की पुढे, मागे केला की मागे. बांधाजवळ वळायला फार सोपं. नांगरटीला मात्र आपला गिअरचा ट्रॅक्टरच बरा, कारण तेलातून ताकद देताना थोडी उष्णतेत वाया जाते.

सकाळी चांगलं चालतं आणि दुपारी चिखलात ओढत नाही, तर नुसता एक्सिलेटर वाढवू नका. यंत्र थंड होऊ द्या. तेलाची पातळी, फिल्टर, पट्टा बघा, पंख्यात चिखल अडकलाय का तेही. तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. यंत्र बंदच ठेवा. कूं-कूं आवाज आला तर बहुधा तेल कमी आहे. घरात आहे ते तेल ओतू नका, पुस्तिकेतल्या ग्रेडचंच घाला.

रुतलेलं यंत्र ट्रॅक्टरने ओढण्याआधी लावणी-रस्ता निवडायचा दांडा न्यूट्रलला घ्या, नाहीतर पंप-मोटर जाते, आणि तो खर्च मोठा असतो.