लाल कॉलर, पांढरी कॉलर

जपानची रंगवायची वही आणलीस, पहिल्याच पानावर किमोनोतली गेइशा निघाली आणि लेकीने विचारलं, "आई, ही कोण? राणी आहे का?" झालं, तुझी बोलती बंद! अगं, एवढं गडबडून जाऊ नकोस. ही राणी नाही, कलाकार आहे, एवढं सांग. ती नाचते, शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य वाजवते, गाते आणि मैफलीला आलेल्या पाहुण्यांचं आदरातिथ्य करते. हे सगळं ती वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून शिकलेली असते. सात-आठ वर्षांच्या पोरीला एवढं उत्तर पुरतं बघ.

खरं सांगू का, तुझ्या मनातली शंका मला कळते. गेइशा म्हटलं की मोठी माणसं डोळे मिचकावतात, मग हे मुलांसमोर कसं आणायचं? तर ऐक. जुन्या जपानमध्ये परवाना असलेल्या वस्त्यांमधल्या गणिका वेगळ्या होत्या. त्यांच्यातल्या बड्या गणिकांना ओइरान म्हणत. त्यांच्या ओबीची, म्हणजे रुंद कमरपट्ट्याची, भलीमोठी गाठ पुढे असायची, गेइशाची मागे असते. रंगवायच्या चित्रांत हे दोन्ही पोशाख सर्रास एकत्र केलेले असतात. म्हणून पान निवडताना आधी गाठ बघ. पुढे असेल तर ते पान सरळ बाजूला ठेव.

आता चित्राकडे ये. केसांत फुलांचे झुबके, लांब बाह्या आणि पाठीवर घोट्यापर्यंत लोंबणारा ओबी असेल, तर ती माइको, म्हणजे अजून शिकणारी मुलगी. तो ओबी जवळजवळ ५ मीटर लांब असतो आणि ती जिथे राहून शिकते त्या घराचं चिन्ह त्याच्या टोकाला असतं. शिक्षण पुरं झालेल्या कलावतीला क्योतो शहरात गेइको म्हणतात. तिचा पोशाख बराच साधा. माइको साधारण १५व्या वर्षी, शाळेचं सक्तीचं शिक्षण संपल्यावर येते आणि ओकियात, म्हणजे माइकोंच्या त्या घरात, राहून पाचेक वर्षं शिकते. तिच्या किमोनोच्या खांद्यावर आणि बाह्यांवर टिपा घातलेल्या असतात. आपण वाढत्या अंगाच्या फ्रॉकला दुमड ठेवतो ना, तशाच. ही अजून लहान आहे, एवढंच त्या सांगतात. चित्रात खांद्यावर एक रेघ दिसेल, ती लेकीला शोधायला लाव. सापडली की बघ कशी हरखते!

रंगांचं म्हणशील तर कॉलरपासून सुरुवात कर. नवख्या माइकोची कॉलर लाल. जसजशी ती शिकते तसतसं त्या लालवर पांढरं-चंदेरी भरतकाम वाढत जातं आणि गेइको होताना कॉलर पूर्ण पांढरी होते. त्या समारंभाला एरिकाए म्हणतात. म्हणजे नुसत्या कॉलरवरून ही मुलगी कुठवर पोचली आहे ते कळतं. दोन झेरॉक्स काढ, एक लाल कॉलरची आणि एक पांढरी. बाकी किमोनो तिला हवा तसा रंगवू दे, जांभळा म्हणाली तर जांभळा. ओठांचं मात्र सांग: पहिल्या वर्षी माइको फक्त खालचा ओठ रंगवते. हे ऐकल्यावर मुलं आरशासमोर पळतात, तेव्हा तुझी लिपस्टिक आधी उचलून ठेव.

चेहरा कोरा ठेवायचा, आणि इथे तू दोन वाक्यं बोलायचीच गं. आपल्याकडे गोरं म्हणजे सुंदर हे खूळ मुलींच्या डोक्यात किती लवकर शिरतं, तुला सांगायला नको. म्हणून स्पष्ट सांग की हा पांढरा रंग म्हणजे मेकअप आहे, ओशिरोई. मेणबत्तीच्या उजेडात चेहरा उठून दिसावा म्हणून तो आला असं सांगतात. पाठमोरं चित्र असेल तर मानेवर बघ. तिथे रंग मुद्दाम दोन टोकांत थांबवतात आणि खालची खरी त्वचा उघडी ठेवतात. त्या जागेला लेकीला स्वतःच्या हाताच्या रंगाचा खडू शोधू दे.

सगळ्यात मजा केसांतल्या फुलांत आहे. माइकोची रेशमी फुलं दर महिन्याला बदलतात: फेब्रुवारीत प्लम, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलमध्ये चेरी, मे महिन्यात विस्टेरियाचे जांभळे घोस, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पानं. डिसेंबरमध्ये तर केसांत नाटकाच्या छोट्या पाट्या येतात आणि माइको त्यांवर आपल्या आवडत्या काबुकी नटांची सही मागतात. ही केशरचना तिच्या स्वतःच्या केसांची असते. आठवडाभर ती मोडू नये म्हणून माइको उंच, अरुंद उशीवर मान टेकून झोपते. गेइको मात्र टोप घालते.

किमोनोच्या नक्षीसाठी एक युक्ती सांगते. क्योतोच्या युझेन रंगकामात तांदळाच्या खळीने कापडावर बारीक रेघा ओढतात, मधे रंग भरतात आणि खळ धुतली की रेघ पांढरी उरते. तू पांढऱ्या मेणखडूने फुलं काढून दे आणि वरून तिला पातळ वॉटरकलर फिरवू दे. फुलं आपोआप वर येतील. खाली जुना पेपर अंथर आणि कागद जरा जाड घे, नाहीतर पान फुगतं.

थोरलं भावंड घरात असेल तर त्यालाही ओढ. माइकोला तिथे एक थोरली बहीण नेमलेली असते, ओनेसान. साके या जपानी मद्याचे घोट घेऊन हे नातं जुळतं आणि धाकटीच्या नव्या नावात बहुधा थोरलीच्या नावातलं एक अक्षर येतं. तुझ्या घरात ताईच्या नावातलं अक्षर घेऊन धाकटीचं नवं नाव जुळवायला दे. अर्धा तास निवांत जाईल तुझा.

दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर थोडं खरंही सांग. पूर्वी गरीब घरच्या मुली कर्जापायी ओकियात येत. आजही एवढ्या कोवळ्या वयात हे कष्टाचं शिक्षण असावं का, यावर जपानमध्ये वाद होतो. आणि क्योतोच्या गिओन भागात पर्यटक माइकोंच्या मागे कॅमेरे घेऊन इतके धावले की २०१९ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लागल्या, दंड १०,००० येन. ती कामावर निघालेली मुलगी आहे, रस्त्यावरची बाहुली नाही, हे मुलांना पटकन कळतं बघ. हलणारी-बोलणारी माइको बघायची असेल तर 'द मकनाई' ही २०२३ची मालिका आधी तू बघ, मग त्याच्याबरोबर बस. गोष्ट माइकोंच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या मुलीची आहे, त्यामुळे भूक लागेल, तेवढी तयारी ठेव.

आणि एक सांगू? बारा महिन्यांची बारा फुलं एका रविवारी उरकायला जाऊ नकोस. आज चालू महिन्याचं एक फूल आणि ती लाल कॉलर रंगवा. बाकीची पानं फाईलमध्ये घालून ठेव, दर महिन्याला एक काढ.