धूर नाही, म्हणून धोका नाही?

‘तो सिगारेट नाही ओढत डॉक्टर, नुसतं व्हेप करतो,’ असं पालक ज्या निश्चिंतीने सांगतात, तिचीच मला जास्त काळजी वाटते. मुलांचाही समज तोच आहे. जळत काही नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही, मग अपाय कसला? पण गांजाच्या व्हेपमध्ये, बोटाएवढ्या त्या कार्ट्रिजमध्ये, बहुधा गांजापासून काढलेलं मधाच्या रंगाचं दाट तेल असतं. तापलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि थेट वायुकोशांत उतरतात. पोटात तेल पचतं. वायुकोशांत ते पचवण्याची सोय नाही.

याची किंमत अमेरिकेने २०१९ मध्ये मोजली. धडधाकट तरुण अचानक धाप लागून रुग्णालयांत येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. बहुतेकांनी टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य असलेली कार्ट्रिज वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्राव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. काळ्या बाजारात गिऱ्हाईक कार्ट्रिज उलटी करून आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश चढतो ते बघतं. बुडबुडा संथ, तर माल अस्सल. भेसळीने पातळ झालेलं तेल पुन्हा दाट दिसावं म्हणून विक्रेते हे द्रव्य मिसळत होते. त्वचेच्या क्रीममध्ये ते निरुपद्रवी असतं, फुप्फुसांत गेलं की घातक ठरतं.

यावर मुलं म्हणतात, दोष भेसळीचा आहे, परवान्याच्या दुकानातून घेतलं की झालं. पण नशेसाठी गांजा कायदेशीर असलेल्या अमेरिकी राज्यांतही तो २१ वर्षांखालच्यांना विकता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातातली कार्ट्रिज कुणा मधल्या माणसाकडूनच आलेली असते. भारतात तर ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे आणि गांजा बाळगणं हा गुन्हा आहे; शुद्धतेची हमी देणार कोण? आणि समजा, तेल शुद्ध मिळालं, तरी टीएचसी उरतंच. नव्वदच्या दशकात अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजात ते साधारण चार टक्के असे. या तेलात ते साठ-सत्तर टक्क्यांच्याही वर जातं. ते पोहोचतं पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूत. ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मधल्या २०१९ च्या अभ्यासात तीव्र गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराचा, धोका कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळला. मुळात अस्वस्थ असलेली मुलंच गांजाकडे वळतात, हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, त्यात तथ्य आहे. पण मग ज्या घरात मानसिक आजार आहे, तिथल्या मुलाने तर याला शिवताच कामा नये. शिवरात्रीच्या भांगेचा दाखलाही नको; पोटात जाणारी पानं आणि फुप्फुसांत जाणारं हे तेल यांची बरोबरी होत नाही, आणि भांग तरी मुलांना द्यायची वस्तू कुठे आहे?

खोकला, धाप, छातीत दुखणं, ताप आणि त्यासोबत उलट्या-जुलाब असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि व्हेपबद्दल स्वतःहून सांगा. अमेरिकेत अनेकांना आधी न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं गेलं आणि गुण आला नाही. निदान झाल्यावर ऑक्सिजन आणि स्टेरॉइडने बरेच जण सावरले, तेव्हा हातपाय गाळू नका. पण केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्या, ‘लंग डीटॉक्स’ चहा, यूट्यूबवरचे काढे हे सगळं बंद करा. त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात रक्तातला ऑक्सिजन उतरतो. वरचेवर उलट्या होऊन गरम पाण्याखाली तासभर उभं राहिल्यावरच बरं वाटत असेल, तर ती ॲसिडिटी समजू नका. नियमित गांजा घेणाऱ्यांत हा आजार दिसतो. मूल विनाकारण संशय घेऊ लागलं, त्याला कुजबुज ऐकू येऊ लागली, तर मांत्रिकाकडे नेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

कार्ट्रिज सापडली तर आरडाओरडा करून कचऱ्यात टाकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, आणि ते मुलाशी बोलत असताना तुम्ही बाहेर थांबा. नशा सोडल्यावर आठवडा-दोन आठवडे चिडचिड होते, झोप उडते, भूक मंदावते, हे ओसरतं. त्या दिवसांत आजीच्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्याला देऊ नका, झोपेचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.